अजबबंगल्यातली लढाई

दुसरी मोठी लढाई पंचेचाळीस साली सरली, असं सगळं जग मानतं. जग मानतं तर मानू द्या. आलापल्लीच्या जंगलात एक इमारत होती, तिथं ती लढाई अठ्ठावन्न सालापर्यंत चालू होती आणि एकटा माणूस ती लढत होता. त्याचं नाव जंगू. हुद्दा चपराशी. हत्यार म्हणाल तर कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि दुश्मन म्हणाल तर उजेड.

इमारतीला कागदोपत्री भलंमोठं नाव होतं. लोक मात्र तिला अजबबंगला म्हणत. नागपुरात एक मोठा अजबबंगला आहे, मग आपल्याकडचा हा धाकटा, असा हिशेब. एका गोऱ्या जंगलसाहेबानं तो हौसेनं बांधला होता. साहेबाला दोनच छंद, जनावर मारायचं आणि मारलेलं जनावर भुसा भरून पुन्हा उभं करायचं. असा वाघ उभा होता, अस्वल उभं होतं, रानगवा होता, एक चितळीण होती आणि तिच्या पायाशी तिचं पाडस. सगळ्यांचे डोळे काचेचे, खास विलायतेहून आणलेले. बाकी भिंतीच्या कडेनं काचेची कपाटं, त्यांत फुलपाखरं, पाखरांची अंडी, साळिंदर, घोरपड. आणि दारासमोर खुद्द साहेबाची काचेच्या चौकटीतली तसबीर, म्हणजे आत येणाऱ्याला आधी मारणारा दिसावा, मग मेलेले.

जंगू आधी साहेबाच्या घरी पाणी भरायचा. अजबबंगला उभा राहिला तेव्हा साहेबानं त्याच्या हाती किल्ल्या दिल्या आणि सांगितलं की आजपासून तू इथला. बायको लवकर गेली होती. घरी बिरजू नावाचा एकुलता एक पोरगा. बिरजू मोठा झाला, कुऱ्हाड चालवायला लागला, सोमारी नावाची चुणचुणीत सून घरात आली. जंगूचं बरं चाललं होतं. सकाळी वाघाची धूळ झटकायची, दुपारी अस्वलाच्या सावलीत डुलकी काढायची. सरकारी नोकरी याहून वेगळी काय असते!

मग बेचाळीस साल आलं. सिरोंचाकडून येणारे तेलुगू गाडीवान सांगू लागले की समुद्राकाठी जपान्यानं बाँब टाकले, आता तो इकडंही येणार. जंगलात काय ठेवलंय जपान्याचं, असं कुणी विचारलं नाही. सरकारनंही विचारलं नाही. एक दिवस अजबबंगल्याला हुकूम आला. तिथला कारकून देवाजी यानं ओसरीवर उभं राहून तो खड्या आवाजात वाचला. वरून उडणाऱ्या विमानाला काचेची चमक दिसते, सबब या इमारतीतली झाडून सारी काच डांबरानं काळी करावी, एकही काच उघडी राहता कामा नये. सोबत डांबराचं पिंप.

आता गंमत बघा. त्या भागात तेव्हा विजेचा दिवा कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, मिळायची मारामार, म्हणून अर्धं गाव अंधार पडायच्या आत जेवून मोकळं व्हायचं. अशा गावाला सरकारनं खास माणूस पाठवून हुकूम दिला की अंधार करा.

पण हुकूम तो हुकूम. जंगूनं मदतीला बिरजूला बोलावलं आणि बापलेक कामाला लागले. खिडक्या काळ्या झाल्या. कपाटं काळी झाली. साहेबाची तसबीर काळी झाली आणि साहेब आत गडप झाला. कंदिलाची काच काळी झाली. देवाजीनं आपला चष्मा खिशात घातला आणि तो खिशावर हात ठेवून हिंडू लागला.

"झालं काय रे?" देवाजीनं विचारलं.

जंगूनं चहूकडे नजर फिरवली. कोपऱ्यातून वाघ त्याच्याकडे चमकत्या डोळ्यांनी बघत होता.

"नाई झालं," जंगू म्हणाला. "हे काच राह्यली नं."

वाघाचे डोळे काळे झाले. अस्वलाचे झाले, गव्याचे झाले, चितळिणीचेही झाले. पाडसाचे डोळे मात्र इवलेसे, तिथं कुंचला मावेना. तेव्हा बिरजूनं बोट डांबरात बुडवलं, पाडसाचं डोकं एका हातानं धरलं आणि लहान लेकराच्या डोळ्यांत काजळ घालावं तसं हळूच लावलं. उठताना त्याचं डांबराचं बोट पाडसाच्या कपाळाला टेकलं आणि ठसा उमटला.

"तीट लागली पाहा बाबा," बिरजू हसून म्हणाला. "आता याले नजर नाई लागत, जपान्याची बी."

त्याच महिन्यात आलापल्लीला भरतीवाला मुकादम आला. आसामाकडं फौजेसाठी जंगल तोडून रस्ता करायचा होता, कुऱ्हाडवाले गडी पाहिजे होते. बिरजूनं नाव दिलं. जंगू मुकादमाच्या मागं मागं गेला. पोरगं परत कधी येईल, हे कुणीतरी सांगायला नको?

"लढाई सरन," मुकादम गाडीत चढता चढता म्हणाला, "मंग कागद येईन. कागद आला का पोरगा आलाच समज."

इकडे देवाजीनंही एक सांगून ठेवलं होतं. जंगूनं विचारलं होतं की हे डामर काढाचं कधी, त्यावर देवाजी म्हणाला, "कागदानं लागलं नं हे? मंग कागदानंच निघन. लढाई सरली का कागद येईन."

एक कागद मुकादमाचा, एक देवाजीचा. जंगूच्या डोक्यात दोन्हींचा एकच कागद झाला. तो आला की काच उजळणार आणि पोरगं येणार. सरकार एकाच कामाला दोन कागद कशाला वाया घालवील, असा त्याचा सरळ हिशेब होता.

लढाई सरली तेव्हा लाकडाच्या डेपोवर गूळ-फुटाणे वाटले. जंगूनं ते खाल्ले आणि देवाजीला विचारलं, "कागद?" देवाजी म्हणाला, येईन. मग स्वराज्य आलं, झेंडा लागला, पुन्हा फुटाणे. "कागद?" येईन. मग देवाजीची बदली झाली आणि थोड्याच दिवसांत तो वारल्याची खबर आली. मग मध्यप्रांताचा मध्यप्रदेश झाला. ज्यांनी कागद द्यायचा ते साहेब लोक बोटीत बसून आपल्या गावी गेले. मग छप्पन साली चांदा जिल्हा उचलून मुंबई राज्यात टाकला. म्हणजे हुकूम देणारं सरकार एक, तो मागं घेणारं दुसरंच, आणि मधलं एक कुणाच्या लक्षातही नाही. डांबर तेवढं जागचं हललं नाही.

जंगू काही खुळा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. लढाई सरली हे त्याला ठाऊक होतं. पण कुणी म्हणालं की तो सांगायचा, "ते दिल्लीची सरली. इथची नाई सरली. कागद कुठी आहे?" जंगूला भीती एकाच गोष्टीची वाटायची. आपण आपल्या हातानं डांबर खरवडलं, लढाई सरली असं आपणच ठरवलं, आणि पोरगं आलं नाही तर? तोवर बरं होतं. तोवर बिरजू लढाईवर होता.

अजबबंगला मात्र जोरात चालला. बाजाराच्या दिवशी लोक हटकून येत. आत मिट्ट काळोख. जंगू एकेकाचा हात धरून नेई. "हात लावा, हे अस्वल. भिऊ नोका, मेलं आहे. हे कपाट आहे नं, याच्यात साळिंदर आहे." कपाट काळं, साळिंदर दिसत नाही, तरी माणसं वाकून वाकून बघत आणि अहाहा म्हणत. काही म्हाताऱ्या दारासमोरच्या काळ्या चौकटीला हात जोडत. हा कोणता देव, असं त्यांनी विचारलं नाही आणि जंगूनंही सांगितलं नाही. एकदा वरचे एक अधिकारी तपासणीला आले, ठेचकाळत आत गेले, ठेचकाळत बाहेर आले आणि शेरा मारून गेले की सर्व काही व्यवस्थित आढळलं.

घरी सोमारी होती. बिरजू गेला तेव्हा ती कोवळी पोर होती, आता तिशी उलटली होती. मोहफुलं वेचावी, धान रोवावं, सासऱ्याला जेवण नेऊन द्यावं. तिच्या आईबापानं दोनदा बोलावणं धाडलं, पण म्हाताऱ्याला एकटं टाकून ती गेली नाही. डेपोवर कोलू नावाचा एक गाडीवाला होता, बायको गेलेला, चार चांगल्या शब्दांचा माणूस. त्यानं सोमारीशी पाट लावायची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची, गोष्ट जंगूच्या कानावर घातली.

"लढाई सरू दे," जंगू म्हणाला.

कोलू बिचारा दरसाल धानाची मळणी झाली की यायचा, ओसरीवर बसायचा आणि विचारायचा, "भाऊ, सरली काय?"

"कागद नाई आला."

की कोलू बिडी विझवून उठायचा. सोमारी चुलीपुढून सगळं ऐकायची आणि भांडी जरा जास्तच आपटायची.

अशात अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात गुणवंतराव आले. नागपूरचे. जाड चष्मा, ट्रंक आणि हातात बॅटरी. मुंबईहून पत्रक निघालं होतं की प्रत्येक संग्रहालयानं आपला इतिहास लिहून पाठवावा, आणि त्यात लढाईच्या काळावर एक स्वतंत्र प्रकरण हवं. ते प्रकरण गुणवंतरावांच्या गळ्यात पडलं होतं. विद्वान मनुष्य, वाईट नव्हता. कागद हाती लागला की त्याला माणूस दिसायचा बंद व्हायचा एवढंच.

आत पाऊल टाकताच रानगव्याचं शिंग त्यांच्या मांडीत घुसलं.

"अरे, खिडक्या का बंद? उजेड का नाही इथे?"

"लढाई चालू आहे नं साहेब," जंगू नम्रपणे म्हणाला.

गुणवंतरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. मग त्यांना वाटलं, माणूस म्हातारा आहे. त्यांनी बॅटरी लावली, वाघाच्या तोंडावर झोत टाकला आणि ते जागीच थबकले. वही काढून त्यांनी घाईघाईनं टिपण केलं. या भागातल्या वाघाचे डोळे संपूर्ण काळे असल्याचं दिसतं, ही जात आजवर कुणाच्या नजरेस कशी पडली नाही याचं नवल आहे. पुढं अस्वलाचेही डोळे काळे निघाले, तेव्हा त्यांनी या मुलखातल्या पाण्यावर एक परिच्छेद लिहिला.

मागच्या खोलीत जुन्या कागदांचे बस्ते होते, लाल कापडात बांधलेले. वरच्यांना उदई, म्हणजे वाळवी, लागलेली, खालचे शाबूत. गुणवंतराव दिवसभर ओसरीवर उजेडात बसत. जंगू एकेक बस्ता आणून देई आणि समोर उकिडवा बसून त्यांच्या तोंडाकडं बघत राही. दुसऱ्याच दिवशी तो काळ्या काचेचा हुकूम सापडला. गुणवंतरावांनी तो वाचला. एकदा हुकुमाकडं पाहिलं, एकदा आतल्या अंधाराकडं. मग ते जे हसायला लागले ते चष्मा मांडीवर पडेपर्यंत हसले.

"झाडून सारी काच! अरे बाबा, म्हणून वाघाचे डोळे? म्हणून अस्वलाचे? आणि आजपर्यंत तसेच?"

"काढाचा कागद नाई आला नं साहेब."

"अरे, लढाई संपून किती वर्षं झाली!"

"तेच तं म्हणतो," जंगू म्हणाला. "इतकी वर्षं झाली. कागद या बस्त्यातच कुठी असन. तुमी पाहा. माहा पोरगा गेला आहे लढाईवर, बिरजू. त्याचं बी त्याच कागदात असन."

गुणवंतरावांचं हसू तिथं आटोपलं. वाघाच्या नव्या जातीचं पान त्यांनी हळूच फाडलं आणि पुढचा बस्ता सोडला.

दुपारी सोमारी त्यांच्यासाठी भात आणि लाखोरीची डाळ घेऊन आली. जंगू विहिरीवर गेल्याचं बघून तिनं विचारलं, "साहेब, सापडन काय तो कागद?"

"बघू. असला तर सापडेल."

"बिगीनं पाहा. काय लिहून असन ते असन. जिता आहे म्हनून असन तं चांगलंच आहे, मी पाय धुईन त्याचे. मेला म्हनून असन तं मी रडीन आन मोकळी होईन. पन हे अर्धवट नाई होत आता माह्यानं." मग ताट पुढं सरकवत म्हणाली, "कागद निंघाला तं कोंबडं कापीन तुमच्यासाठी."

गुणवंतराव त्या दिवसापासून जीव लावून शोधू लागले. कोंबड्यासाठी म्हणत नाही, तसा आरोप आपण का करावा. पण बस्त्यांतून निघावं काय? डांबराचं पिंप पोचल्याची पोच. पिंप रिकामं परत का केलं नाही याची विचारणा. मग एका कुंचल्याचं प्रकरण. डांबर लावायला दिलेला कुंचला परत जमा झाला नाही म्हणून वरून पत्र, खाली उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर, असं सगळं महायुद्ध संपेपर्यंत चाललेलं. जर्मनीनं हात टेकले, जपाननं टेकले, कुंचल्याचा निकाल लागला नव्हता. अस्वलाचा कान उंदरानं खाल्ल्याचा पंचनामा होता, साक्षीदारांच्या अंगठ्यांसकट; तो गुणवंतरावांनी ताट घेऊन आलेल्या सोमारीलाही वाचून दाखवला. लढाई संपल्याचा कागद काही निघेना.

शेवटच्या बस्त्यात एक मोठा तक्ता निघाला. लढाईकामी या संस्थेकडून झालेली मदत. गुणवंतराव खूष झाले, त्यांच्या प्रकरणाला असाच तक्ता हवा होता. ते उतरवून घेता घेता मोठ्यानं वाचू लागले.

"काच : सर्व काळी केली. डांबर : एक पिंप. दोर : पुरवला. मनुष्यबळ, म्हणजे लढाईकामी गेलेली माणसे : निरंक. पुढे, बैलगाड्या..."

जंगू ताडकन उठला. "थांबा साहेब. मान्सं? मान्सं गेले ते? काय म्हनलं?"

"निरंक," गुणवंतराव मान खाली घालूनच म्हणाले. त्यांची लेखणी बैलगाड्यांवर पोचली होती.

"पक्कं तसंच लिहून आहे?"

"हो हो, स्पष्ट लिहिलंय. निरंक."

जंगूनं दाराला कुलूप लावलं आणि भर दुपारी तो घराकडं सुटला, जवळजवळ पळतच.

"सापडला!" अंगणातूनच तो ओरडला. "सोमारी, सापडला! बिरजू निरंकले आहे. सरकारी कागदात लिहून आहे. लढाईवर गेलेले सारे मान्सं निरंकले गेले."

सोमारीच्या हातातलं सूप खाली पडलं. निरंक कुठं आलं, हे घरात कुणाला माहीत असणार? जंगू डेपोवर गेला. कुणी म्हणालं, आसामाच्या पलीकडं असेल. कुणी म्हणालं, नावावरून राजुऱ्याच्या पुढं निजामाच्या मुलखातलं वाटतं. सिरोंचाचा एक गाडीवान होता, ज्याला ठाऊक नाही असं गाव अजून वसायचं होतं. त्यानं मान डोलवून सांगितलं की निरंकम् होय, ऐकलंय, समुद्राकाठी आहे, तिथलं मीठ चांगलं. जंगूनं आनंदाच्या भरात त्याला बिड्यांचा अख्खा कट्टा देऊन टाकला.

कोलू बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याच्या मनात काय झालं असेल ते झालंच असेल, माणूसच तो. पण तो इतकंच म्हणाला, "भाऊ, गाडी बल्लारपूरहून लागन. सकाळी बैल जुंपतो, मी नेऊन देतो तुमाले."

सकाळी गुणवंतराव ओसरीवर चहा घेत होते, तेवढ्यात समोर बैलगाडी येऊन थांबली. गाडीतून जंगू उतरला. धुवट धोतर, डोक्याला नवा फेटा, काखेत गाठोडं. गाठोड्यात बिरजूचं जुनं बंडी-धोतर होतं, सोमारीनं घडी घालून दिलेलं. सोमारी गाडीशीच उभी होती. कोलू कासरे धरून.

जंगूनं किल्ल्यांचा जुडगा गुणवंतरावांपुढं ठेवला.

"साहेब, सुट्टी पाह्यजे. या नोकरीत आजवर नाई मांगली."

"कुठे निघालास?"

"निरंकले."

गुणवंतरावांना आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. ठेवताना चहा बशीत सांडला, बशीतून आदल्या दिवशी मोठ्या हौसेनं उतरवून घेतलेल्या तक्त्यावर सांडला, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"जंगूभाऊ," ते म्हणाले. आजवर त्यांनी त्याला भाऊ म्हटलं नव्हतं. "जंगूभाऊ, बसा जरा."

"बसत नाई साहेब, गाडी चुकन. तेवढं कागदावर लिहून द्या, तिथच्या साहेबाले दाखवाले."

"निरंक हे गाव नाही हो."

"मंग शहर असन."

"शहरही नाही. तो आमचा... हा कचेरीतला शब्द आहे. तक्त्यात एखाद्या रकान्यात लिहायला काहीच नसलं, की तिथं निरंक लिहितात. निरंक म्हणजे काही नाही. कोणी नाही."

जंगूनं काखेतलं गाठोडं हातात घेतलं.

"मान्सं गेले, तिथी निरंक," जंगू सावकाश म्हणाला. "म्हणजे कोनी गेलाच नाई?"

"कागदावर नाही. तुमचा मुलगा ठेकेदाराच्या माणसांबरोबर गेला असेल, या कचेरीकडून नाही, म्हणून इथं नोंद..."

"मी गेली होती नं त्याच्या मागं!" सोमारी गाडीजवळून ओरडली. "नाल्यापर्यंत गेली होती. माह्या हातची शिदोरी घेऊन गेला तो. आन हे म्हनते कोनी गेला नाई? काच लिहिली, दोर लिहिला, उंदरानं खाल्लेला कान लिहिला यायनं, आन माहा मानूस नाई लिहिला?"

गुणवंतरावांनी तो तक्ता उचलून पालथा ठेवला, एवढं त्यांचं चांगलं म्हणायचं.

जंगू ओसरीच्या पायरीवर बसला. गाठोडं मांडीवर घेतलं. बराच वेळ तो त्याच्या गाठीशी चाळा करत राहिला. सरकार विसरेल, उशीर करेल, कागद गहाळ करेल, हे सगळं त्यानं गृहीत धरलं होतं. इतकी वर्षं तो बिरजू यायची वाट बघत होता, आणि तिकडं सरकारच्या लेखी बिरजू निघालाच नव्हता.

"जो गेलाच नाई," शेवटी तो म्हणाला, "तो वापस येईन कुठून?"

मग तो उठला आणि त्यानं किल्ल्या उचलल्या.

"कोलू, तुह्या गाडीखाली मातीच्या तेलाचा डबा आहे नं? आन इकडं."

कुठलाही कागद आला नव्हता. जंगूनं मातीच्या तेलात फडकं बुडवलं आणि पहिली खिडकी पुसायला घेतली. डांबर हट्टी झालं होतं, पण हळूहळू सुटलं. काचेत आधी पैशाएवढा उजेड आला, मग हाताएवढा. सोमारी पदर खोचून दुसऱ्या खिडकीला लागली, रडत रडत, नाक पुसत, जोरजोरात घासत. कोलू शिडीवर चढला. गुणवंतरावांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि साहेबाची तसबीर पुसली. आतून भलताच टकला गृहस्थ निघाला. म्हाताऱ्या इतकी वर्षं हात जोडत होत्या तो हा.

उजेड आत गेला आणि अजबबंगल्याची खरी दशा दिसली. साळिंदराच्या कपाटात नुसते काटे उरले होते, साळिंदर उदईनं कधीच खाल्लं होतं. घोरपडीचं शेपूट होतं, घोरपड नव्हती. जंगू इतकी वर्षं जे जे आहे म्हणून लोकांना सांगत होता, त्यातलं अर्धं नव्हतंच. वाघाचे डोळे पुसले तेव्हा ते मात्र लखलखीत निघाले, आणि भुसा सांडलेलं ते जनावर आश्चर्यानं सगळीकडं बघत असल्यासारखं वाटलं.

"सोमारी," जंगू म्हणाला, "सरली वं पोरी. लढाई सरली."

सोमारी तिथंच भुईवर बसली आणि गळा काढून रडली. इतक्या वर्षांचं ते रडणं होतं, कुणी तिला गप्प केलं नाही.

पुढं रीतीप्रमाणं जंगूच्या माणसांनी बिरजूला पुरख्यांत, म्हणजे पूर्वजांत, मिळवलं. मेलेल्यासाठी जे करायचं असतं ते सगळं केलं, आणि त्याचं बंडी-धोतर नाल्याकाठी ठेवून आले. मग जंगूनं स्वतः कोलूच्या ओसरीवर जाऊन बिडी मागितली आणि म्हणाला, "तू विचारत होता नं? सरली." पाटाच्या दिवशी कोंबडं कापलं. गुणवंतराव त्या जेवणाला होते, पण कागद न काढता कोंबडं खाणं त्यांच्या जिवावर आलं. सोमारीनंच आग्रह करून वाढलं.

निघायच्या दिवशी गुणवंतराव अजबबंगल्यात बसून प्रकरण पुरं करत होते. आता आत बसूनही लिहिता येत होतं. युद्धकाळात संग्रहालयाची कोणतीही हानी झाली नाही, असं वाक्य त्यांनी लिहिलं, खोडलं, पण पत्रकातल्या नमुन्यात तसंच वाक्य होतं म्हणून पुन्हा लिहिलं. शेवटी एक तक्ता भरायचा होता. ते एकेक जनावर बघत गेले आणि चितळिणीपाशी थांबले.

"जंगूभाऊ, हे पाडस राहिलं. याचे डोळे अजून काळेच आहेत."

"ते राहू द्या."

"तेल संपलं का?"

"तेल आहे."

गुणवंतराव वाकले. त्यांना कपाळावरचा तो काळा ठसा दिसला, एका बोटाचा. जंगूच्या तोंडाकडं पाहून ते सरळ उभे राहिले. पण तक्ता समोर होता, आणि सवय वाईट.

"इथं रकाना आहे," ते ओशाळून म्हणाले. "अद्याप काळ्या असलेल्या काचा. काय लिहू?"

जंगूनं खांद्यावरचं फडकं घेतलं आणि पाडसाच्या पाठीवरची, कानांवरची, कपाळावरची धूळ झटकली. ठसा तेवढा सोडून.

"निरंक लिहा, साहेब," तो म्हणाला.

गुणवंतरावांनी तसं लिहिलं.